मरणोत्तर जगज्जेता

फॉर्म्युला वनचा नवा मोसम तोंडावर आला की शौकिनांची आकडेमोड सुरू होते. कोणत्या संघाची गाडी चाचण्यांत वेगवान ठरली, कोणता चालक कोणाकडे गेला, मोसमाच्या मध्यापर्यंत अमुक इतके गुण झाले तर जेतेपद कोणाकडे झुकेल, याचे आडाखे पहिल्या शर्यतीच्या आधीच बांधले जातात. क्रिकेटमध्ये धावगतीचा हिशेब करण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. मोटार शर्यतींच्या दुनियेत ते स्थान गुणतालिकेचे आहे. ही तालिका मोठी रूक्ष असते. मिळवलेले गुण ती मांडते आणि पुढे जाते. १९७०च्या मोसमात मात्र या तालिकेवर एक विचित्र प्रसंग ओढवला. तिच्या पहिल्या ओळीतील नावापुढे ४५ गुण होते आणि त्यांत आता एकाचीही भर पडणार नव्हती. त्या नावाचा धनी ग्राझच्या दफनभूमीत चिरविश्रांती घेत होता, आणि बाकीचे त्याला गाठण्यासाठी धावत होते.

योखेन रिंट हे ते नाव. १९५० साली सुरू झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या इतिहासात मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला हा एकमेव चालक. तो गेला तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता.

रिंटचा जन्म १८ एप्रिल १९४२ रोजी जर्मनीतील माइन्झ शहरात झाला. वडील जर्मन, आई ऑस्ट्रियाची. घराण्याची मसाल्याची गिरणी होती, व्यवसाय भरभराटीचा होता. परंतु काळ महायुद्धाचा होता. १९४३च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गवर झालेल्या बॉम्बवर्षावात रिंटचे आई-वडील दोघेही मृत्युमुखी पडले. योखेन तेव्हा पंधरा महिन्यांचा होता. या पोरक्या मुलाला आईच्या आई-वडिलांनी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे आणले आणि तिथेच तो वाढला. त्याचे नागरिकत्व अखेरपर्यंत जर्मन राहिले, पण शर्यतीचा परवाना त्याने ऑस्ट्रियाचा घेतला. त्यामुळे त्याच्या नावापुढे कायम ऑस्ट्रियाचाच ध्वज लागला आणि पहिला जर्मन जगज्जेता होण्याचा मान पुढे १९९४ मध्ये मायकेल शूमाकरच्या वाट्याला गेला.

आजी-आजोबांच्या लाडात वाढलेला हा मुलगा भलताच व्रात्य निघाला. शाळा बदलाव्या लागल्या, शिक्षक हैराण झाले. हेल्मुट मार्को हा त्याचा त्या काळातील सवंगडी. पुढे रेड बुल संघाचा सल्लागार म्हणून प्रसिद्धीस आलेला तो हाच. आधी मोपेड आणि मग मोटारी घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यांवर शर्यती लावणे हा या टोळक्याचा उद्योग. वडिलांच्या व्यवसायातून वारशाने आलेला पैसा रिंटच्या हाती होता आणि तो कशावर खर्च करायचा याविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता.

१९६४ साली त्याने त्या पैशातून फॉर्म्युला टूची एक ब्रॅबहॅम गाडी विकत घेतली. मे महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील शर्यतीत हा अनोळखी ऑस्ट्रियन तरुण उतरला आणि त्याने माजी जगज्जेता ग्रॅहम हिलला मागे टाकले. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधील क्रीडापत्रकारांना त्याच्या नावाचा उच्चार शिकावा लागला. गाडी वळणावर आडवी सरकवत, मागची चाके घसरू देत, तरीही वेग न सोडता बाहेर काढण्याची त्याची शैली पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणी. प्रत्येक वळणावर आता ही गाडी जाणार असे वाटे आणि ती जात नसे.

पुढच्या वर्षी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्याने अमेरिकेच्या मास्टन ग्रेगरीच्या जोडीने फेरारीतून जिंकली. बलाढ्य संघांच्या गाड्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कोणाच्याही खिजगणतीत नसलेली ही जोडी पहिली आली. त्यानंतर ल मान्समध्ये फेरारीला निर्विवाद विजय मिळण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले, यावरून त्या यशाचे मोल कळावे.

फॉर्म्युला वनमध्ये मात्र नशिबाने त्याला फार ताटकळत ठेवले. १९६५ ते १९६७ ही तीन वर्षे कूपर संघात गेली. कूपरचे वैभवाचे दिवस तेव्हा सरले होते. गाड्या जड, इंजिने बेभरवशाची. तशाही गाडीतून १९६६ मध्ये त्याने अजिंक्यपदाच्या तालिकेत तिसरे स्थान मिळवले. त्या वर्षी बेल्जियममधील स्पा येथे पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि निम्म्याहून कमी गाड्या रस्त्यावर उरल्या. त्या शर्यतीत रिंटने बराच काळ आघाडी राखली होती. १९६८ साली तो ब्रॅबहॅम संघात गेला. तिथले वातावरण घरगुती, माणसे चांगली; पण नवे इंजिन सतत दगा देत राहिले आणि वर्षभरात पदरात पडली ती दोन तिसरी स्थाने.

या सगळ्या काळात फॉर्म्युला टूचा तो अनभिषिक्त राजा होता. १९६७ मध्ये त्याने तिथे विजयांची रास लावली. पण फॉर्म्युला वनमध्ये नाव कमावलेल्या चालकांना त्या स्पर्धेचे गुण द्यायचे नाहीत असा नियम होता. शर्यती रिंटने जिंकाव्यात आणि गुण मागच्यांना मिळावेत, असा तो प्रकार. त्या वर्षीचे फॉर्म्युला टूचे युरोपीय अजिंक्यपद बेल्जियमच्या जॅकी इक्स या तरुणाला मिळाले. हे नाव लक्षात ठेवायला हवे.

दरम्यान, १९६७ सालीच रिंटने फिनलंडची रूपसुंदरी नीना लिंकन हिच्याशी विवाह केला. तीही एका शर्यतपटूचीच कन्या, त्यामुळे या खेळाचे दाहक रूप तिला नवे नव्हते. जिनिव्हा सरोवराच्या परिसरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. जॅकी स्ट्युअर्ट हा प्रतिस्पर्धी तिथे शेजारी आणि जिवलग मित्रही होता.

१९६८च्या अखेरीस रिंटपुढे खरा पेच उभा राहिला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाचे बोलावणे आले होते. चॅपमन हे गाडीतील प्रत्येक अनावश्यक ग्रॅम खरवडून काढणारे अलौकिक बुद्धीचे अभियंते. त्यांच्या गाड्या सर्वांत वेगवान असत आणि सर्वांत नाजूकही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जिम क्लार्कसारखा असामान्य चालक हॉकनहाइमला लोटसच्याच गाडीत मरण पावला होता. रिंटचे व्यवहार त्या वेळी बर्नी एक्लस्टन पाहत असत. जगज्जेता व्हायचे असेल तर लोटसकडे जा आणि जगायचे असेल तर ब्रॅबहॅमकडे राहा, असा सल्ला त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. रिंट लोटसकडे गेला.

या निर्णयाला नुसती महत्त्वाकांक्षा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. चार वर्षे उत्तम कौशल्य सामान्य गाड्यांत वाया जाताना त्याने पाहिले होते. शिवाय त्या काळात कोणती गाडी सुरक्षित आणि कोणती असुरक्षित हा फरक अंशांचाच होता. शर्यतीच्या मार्गालगत झाडे, दिव्यांचे खांब, उघडे बांध असत. इंधनाच्या टाक्या चालकाला दोन्ही बाजूंनी वेढून असत. दरवर्षी सहकाऱ्यांच्या अंत्ययात्रांना जाणे हा चालकांच्या जीवनक्रमाचा भाग झाला होता.

लोटसचा अनुभव पहिल्याच मोसमात आला. गाडीला रस्त्यावर दाबून धरण्यासाठी त्या काळी उंच कांबींवर पंख बसवण्याची टूम निघाली होती. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या माँजुइक टेकडीवरील शर्यतीत आधी ग्रॅहम हिलच्या लोटसचा पंख मोडला. काही फेऱ्यांनंतर त्याच ठिकाणी आघाडीवर असलेल्या रिंटचाही पंख मोडला आणि त्याची गाडी कठड्यावरून घसरत हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन आदळली. हिल स्वतः धावून गेला. रिंटच्या चेहऱ्याची हाडे मोडली, पण जीव वाचला. बरे होत असतानाच त्याने वृत्तपत्रांना खुले पत्र लिहून या पंखांवर बंदी घालण्याची मागणी केली. आपल्याच संघाच्या कल्पनेविरुद्ध जाहीरपणे बोलण्याचे धाडस त्याच्यात होते. चॅपमन अर्थातच संतापले. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत ते उंच पंख बाद झाले आणि नंतर आखूड स्वरूपातच परवानगी मिळाली.

त्या वर्षी इटलीतील मोन्झाच्या शर्यतीत स्ट्युअर्टने रिंटला सेकंदाच्या आठ शतांश अंतराने हरवले. अखेर ५ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे रिंटने पहिली ग्रां प्री जिंकली. पदार्पणानंतर पाच वर्षांनी.

१९७० साठी चॅपमन यांनी ‘लोटस ७२’ ही नवी गाडी घडवली. ती पाचरीसारख्या निमुळत्या आकाराची होती. इंजिन थंड ठेवणारे रेडिएटर नाकाडातून काढून दोन्ही कुशींत बसवले होते. पुढचे ब्रेकही चाकांजवळ न ठेवता गाडीच्या आत घेतले होते आणि एका दांड्याने ते चाकाला जोडले होते. चाकांवरचा भार त्यामुळे हलका होई. पण ब्रेक लावताना चाकावर येणारा सगळा ताण त्या दांड्यावर पडे. स्पेनमधील जरामा येथे सरावातच पुढच्या ब्रेकने दगा दिला, गाडी गरकन फिरली आणि रिंटने चॅपमन यांना खडे बोल सुनावले. गाडी दुरुस्तीला परत गेली.

म्हणून १० मे रोजी मोनॅकोला तो जुन्याच ‘लोटस ४९’ मध्ये बसला. आठव्या स्थानावरून सुरुवात, मनही फारसे शर्यतीत नाही. मग पुढच्या गाड्या बंद पडू लागल्या आणि रिंटला विजयाचा वास आला. शेवटच्या फेऱ्यांत त्याने जे केले ते पाहणारे आयुष्यभर विसरले नाहीत. चव्वेचाळीस वर्षांचा जॅक ब्रॅबहॅम आघाडीवर होता आणि मागून रिंट प्रत्येक फेरीत काही सेकंद कापत होता. अखेरच्या फेरीच्या अखेरच्या वळणावर ब्रॅबहॅमची चाके अडकली, गाडी सरळ बांधावर गेली आणि रिंट शेजारून निघून गेला.

२१ जूनला हॉलंडमधील झँडफोर्ट येथे सुधारलेली ‘७२’ पहिल्यांदा जिंकली. त्याच शर्यतीत रिंटचा जवळचा मित्र पिअर्स करेज याची गाडी उलटून पेटली. तिच्या सांगाड्यात मॅग्नेशियम होते. आग विझवता येईना. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी ब्रूस मॅकलॅरन गुडवुडला चाचणीत गेला होता. रिंट विजयमंचावर उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. हा खेळ सोडून देण्याचा विचार त्या उन्हाळ्यात त्याच्या मनात घोळत होता. घरी नीना आणि लहानगी कन्या होती. परंतु जगज्जेतेपद आता हाताच्या अंतरावर दिसत होते.

मग विजयांची माळच लागली. फ्रान्समध्ये तो जिंकला. ब्रँड्स हॅचला शेवटच्या फेरीत पुन्हा ब्रॅबहॅमच पुढे होता आणि त्याचे इंधन संपले. बिचाऱ्या ब्रॅबहॅमच्या वाट्याला एकाच वर्षी दोनदा हे यावे! पंखाच्या उंचीवरून रिंटला आधी बाद ठरवले गेले आणि काही तासांनी विजय परत मिळाला. ऑगस्टमध्ये जर्मन ग्रां प्री न्यूरबर्गरिंग धोकादायक असल्याचे सांगत चालकांनी हॉकनहाइमला हलवायला लावली. तिथे रिंटने फेरारीच्या जॅकी इक्सला सेकंदाहून कमी अंतराने मागे टाकले. विजयाला तेव्हा नऊ गुण मिळत. पाच विजय, पंचेचाळीस गुण. मायदेशी ऑस्ट्रियातील नव्या मार्गावर लाखोंच्या अपेक्षा घेऊन तो उतरला, पण इंजिन बंद पडले. जगज्जेतेपद निश्चित करण्याची संधी आता मोन्झाला होती.

मोन्झा म्हणजे वेगाचे माहेरघर. लांबच लांब सरळ रस्ते आणि त्या काळी वेग रोखणारी कृत्रिम वळणेही नव्हती. तिथे पंखांचा फायदा कमी आणि हवेचा अडथळा जास्त. फेरारीच्या शक्तिशाली इंजिनांना गाठण्यासाठी लोटसने गाड्यांचे पंख काढून टाकले. संघातील दुसरा चालक जॉन माइल्सला पंखाविना गाडी सरळ रेषेत राहीना आणि त्याने तशी तक्रार केली. रिंटला मात्र वाढलेला वेग पसंत पडला. पंखांच्या मुळावर उठलेल्या माणसाने पंखाविना गाडी चालवण्यात विसंगती काहीच नव्हती.

शनिवार, ५ सप्टेंबर १९७०. पात्रता सरावात शेवटच्या पॅराबोलिका वळणापूर्वी रिंटने ब्रेक लावला. मागून डेनी हल्म येत होता. त्याने पाहिले की लोटस किंचित डगमगली आणि मग एकदम डावीकडे वळून कठड्यावर आदळली. उजव्या बाजूच्या ब्रेकचा दांडा तुटला होता. धातूचा कठडा नीट बसवलेला नव्हता; गाडीचे नाक त्यात घुसले, खांबाला अडकले आणि पुढचा भाग फाटून गेला. आग लागलीच तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून रिंट मांड्यांमधून जाणारे पट्टे बांधत नसे. त्यामुळे धडकेसरशी तो आत खाली सरकला आणि पट्ट्यांनीच त्याचा घात केला. मिलानच्या रुग्णालयात नेईपर्यंत सारे संपले होते.

नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९६१ मध्ये, याच वळणाकडे जाताना वोल्फगांग फॉन ट्रिप्स मरण पावला होता. तोही तेव्हा गुणतालिकेत पहिला होता. त्याचा सहकारी फिल हिल ती शर्यत जिंकून एका गुणाने पुढे गेला आणि जगज्जेता झाला. रिंटच्या बाबतीत तेच घडणार का, हा प्रश्न आता उभा राहिला. हा हिशेब मांडणे शोकाच्या दिवसांत अनेकांना अनुचित वाटले असेल, पण मोसम थांबला नव्हता. ११ सप्टेंबरला ग्राझला अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी आणखी तीन शर्यती शिल्लक होत्या.

पाठलाग करणारा होता जॅकी इक्स. वर्षाच्या सुरुवातीला जरामाच्या अपघातात त्याची गाडी पेटून तो भाजला होता, म्हणून तो मागे पडला होता. कॅनडात लोटस संघ उतरलाच नाही आणि इक्स जिंकला. त्याचे २८ गुण झाले. राहिलेल्या दोन्ही शर्यती जिंकल्या तर ४६. म्हणजे पुन्हा एकच गुण जास्त! इक्सची अवस्था मोठी अवघड होती. फेरारी संघासाठी जिंकणे हे त्याचे कर्तव्य, आणि जिंकला तर प्रत्युत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाकडून मुकुट घेतल्याचा सल जन्मभर उरणार.

४ ऑक्टोबरला वॉटकिन्स ग्लेनला इक्सने सर्वांत पुढून सुरुवात केली. लोटस परतली होती, पण माइल्स संघातून बाहेर पडला होता. रिंटच्या जागी पुढारपण आले होते एमर्सन फिटिपाल्डी या तेवीस वर्षांच्या ब्राझिलियन तरुणाकडे. ही त्याची जेमतेम चौथी ग्रां प्री. शर्यतीच्या मध्यावर इक्सच्या गाडीची इंधननळी फुटली, त्याला थांबावे लागले. तो जिद्दीने परत चौथ्या क्रमांकापर्यंत आला, पण चौथ्या क्रमांकाला तीनच गुण होते. पुढच्यांच्या गाड्या कुरबुरू लागल्या आणि फिटिपाल्डी पहिला आला. रिंटने वर्षभरापूर्वी जिथे पहिला विजय मिळवला होता, तिथेच त्याच्या संघाने त्याचे जगज्जेतेपद पक्के केले. ब्राझीलचा हा पहिला ग्रां प्री विजय होता. मेक्सिकोची अखेरची शर्यत इक्सने जिंकली आणि तो ४० गुणांवर थांबला. आपण जगज्जेते झालो नाही याचे समाधानच वाटल्याचे त्याने पुढे अनेकदा सांगितले.

१८ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये जगज्जेतेपदाचा चषक स्ट्युअर्टने नीनाच्या हाती सोपवला.

अपघाताचा खटला इटलीत अनेक वर्षे चालला. दांडा तुटल्याने अपघात झाला, पण मृत्यूला सदोष कठडा कारणीभूत ठरला, असा चौकशीचा सूर होता. १९७६ मध्ये चॅपमन निर्दोष सुटले. १९७२ पासून मोन्झाच्या सरळ रस्त्यांवर वेग रोखणारी वळणे आली. त्याच वर्षी फिटिपाल्डी ‘लोटस ७२’ मधूनच जगज्जेता झाला. ती गाडी १९७५ पर्यंत धावत राहिली. त्याच १९७५ साली निकी लाउडाच्या रूपाने ऑस्ट्रियाला दुसरा जगज्जेता मिळाला. रिंटच्या शर्यतींनी वेडावलेल्या पिढीतलाच तो. ऑस्ट्रियन ग्रां प्री ज्या मार्गावर होते, तिथले एक वळण रिंटच्या नावाने ओळखले जाते.